वेताळाच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षं

शकुंतलेला एक्स्प्रेस म्हणणं हा आमच्याकडचा जुना विनोद. मूर्तिजापूरहून सुटलेली ती नॅरोगेजची गाडी दारव्हा-मोतीबागेवरून यवतमाळला टेकायची, तोवर शिदोरी संपलेली असायची आणि गठ्ठ्यातली कॉमिक्सही. गठ्ठा मामेभावाचा, प्रवासापुरता उसना. त्यातल्या एका इंद्रजाल कॉमिक्सची शेवटची दोन पानं फाटलेली होती. प्रेयसी डायना निघून चाललेली, वेताळ पाठमोरा उभा, आणि त्यापुढे थेट मागच्या कव्हरवरची जाहिरात. त्या दोन पानांत काय असेल, हे मी कितीतरी दिवस मनात रंगवत होतो. मोठेपणी तो अंक धडका मिळाला. पानांत काही नव्हतं. डायना गेली, वेताळ जंगलात परतला, संपलं.

मराठी चित्रकथेतल्या प्रेमाचा हिशेब मांडायला बसलो की मला ती दोन पानं आठवतात.

निमित्त अमेरिकेचं आहे. आमच्याकडे हरभरा सोंगायचे दिवस असतात तेव्हा, म्हणजे फेब्रुवारीत, तिकडची डीसी ही कंपनी गेली काही वर्षं प्रेमदिनाचा एक जाडजूड अंक काढते. २०१८ साली ‘यंग मॉन्स्टर्स इन लव्ह’, २०२० साली ‘क्राइम्स ऑफ पॅशन’, पुढच्या वर्षी ‘लव्ह इज अ बॅटलफील्ड’, त्यानंतर ‘स्ट्रेंज लव्ह अ‍ॅडव्हेंचर्स’. प्रत्येक गोष्टीचे लेखक-चित्रकार वेगळे, नायक आणि खलनायक मात्र ओळखीचे. हिशेब सरळ आहे. वर्षभर एकमेकांना बदडणाऱ्यांना एका दिवसापुरतं प्रेमात पाडायचं.

यातल्या बऱ्याच गोष्टी वाचून होतात आणि विसरून जातात. आठ-दहा पानांत चुटका बसतो, प्रेम बसत नाही. बॅटमॅन आणि कॅटवूमन गच्चीवर भेटले की वाचकाच्या पोटात कालवतं, ते त्या दहा पानांमुळे नव्हे. ती चोर आणि तो चोर पकडणारा, हे १९४० पासून चाललंय. २०१८ साली त्यांचं लग्न ठरलं, अंकाची जाहिरात झाली आणि ऐन वेळी तीच निघून गेली. एवढी जुनी उधारी पाठीशी असते म्हणून हे अंक चालतात. पहिल्यांदाच वाचणाऱ्याच्या हाती त्यातलं फारसं काही लागत नाही.

याच कुळातली एक गोष्ट मात्र स्वतःच्या पायावर उभी आहे. पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांची १९९४ ची ‘मॅड लव्ह’. मनोरुग्णांवर उपचार करणारी डॉक्टर हार्लीन जोकरच्या प्रेमात पडते आणि हार्ली क्विन होते. तो तिला खिडकीतून खाली ढकलतो. हाडं मोडलेल्या अवस्थेत ती इस्पितळात पडून असते, आता पुरे झालं असं स्वतःला बजावत असते, एवढ्यात तिला उशाशी ठेवलेलं फूल आणि त्याची चिठ्ठी दिसते. चेहरा उजळतो. माझ्या पाहण्यात प्रेमदिनाच्या गुलाबावर इतकी कडवट टीका दुसरी नाही, आणि ती करायला एक चौकट पुरली. चित्रकथा हे माध्यम काय करू शकतं ते इथे दिसतं. कादंबरीकाराला याच जागी अर्धं पान खर्ची घालावं लागलं असतं.

आता आपल्याकडे वळू. टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्सनी १९६४ ते १९९० या काळात महाराष्ट्राला वेताळ दिला. ली फॉकचा हा फँटम मराठीत आला तो आपल्या वेशीवरच्या शेंदरी दगडाचं नाव घेऊन, ही गंमत वेगळीच. फँटमचा मूळ चित्रपट्टा १९३६ साली सुरू झाला. त्याच्या सुरुवातीच्याच दिवसांत विमानातून दरोडे घालणाऱ्या बायकांची एक टोळी येते आणि त्यांची म्होरकी बॅरोनेस वेताळावर भाळते. म्हणजे खलनायिकेचं मन पहिल्या झटक्यात उघडं पडलं. डायनाच्या गळ्यात माळ पडायला मात्र १९७७ उजाडलं. एक्केचाळीस वर्षं! आमच्याकडे एवढ्यात नातवंडांची लग्नं होतात. पण त्या लांबणीत एक शहाणपण होतं. वाट पाहणं हाच प्रेमाचा मजकूर आहे, हे फॉकला कळलेलं होतं. आबिद सुरतींनी पुढे इंद्रजालमध्येच बहादूर आणला, तेव्हा त्याची बेला वाट पाहत बसली नाही, बरोबरीनं लढली. आजच्या नजरेलाही ती जुनी वाटत नाही.

इंद्रजाल बंद पडायच्या आधीच यवतमाळच्या एसटी स्टँडवर राज कॉमिक्स येऊन बसली होती. आमच्या भागात हिंदी वाचायला कुणाला शिकवावं लागत नाही. १९८६ साली नागराज आला. त्याचे सुरुवातीचे अंक काढणारा हात प्रताप मुळीक यांचा, म्हणजे मराठी. आपल्या भाषेत महानायक झाला नाही, तो आपल्याच चित्रकारानं हिंदीत उभा केला. दुसऱ्या वर्षी अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव आला आणि त्याच्या मागोमाग नताशा. बाप ग्रँड मास्टर रोबो, ध्रुवचा कट्टर वैरी, आणि मुलगी ध्रुववर जीव टाकणारी. बापाच्या बाजूनं उभं राहायचं की याच्या, हा तिचा पेच भाड्यानं आणून वाचणाऱ्या पोरांना नेमका कळायचा. आमच्यातल्या निम्म्यांची पहिली नायिका नताशा होती, हे आज कुणी कबूल करणार नाही.

मराठीत नायकाचे मुखवटे होते, पण ते गद्यात होते. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड ही माणसं कायद्याच्या अल्याड-पल्याड वावरणारी. त्यातून चित्रकथेची एक अख्खी फळी उभी राहिली असती. राहिली नाही. चित्रं मुखपृष्ठापुरती उरली.

मग मराठी रेघेतलं प्रेम गेलं कुठे? ते दिवाळी अंकात गेलं. शि. द. फडणिसांचं ते गाजलेलं मुखपृष्ठ आठवा: बसस्टॉपवर तरुण आणि तरुणी, एकाच्या कपड्यावर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यावर उंदीर. वैर आणि ओढ एकाच चित्रात, शब्द एकही नाही. डीसीच्या अख्ख्या अंकाला जे साधत नाही ते फडणिसांनी कापडाच्या नक्षीत साधलं. दुसरीकडे ‘आवाज’ची खिडकी-चित्रं. वरचं पान पाहून मनात भलतंच यावं आणि खिडकी उघडली की आपलाच पोपट व्हावा. घरोघरी ती चोरून पाहिली गेली. दोन्ही प्रकार अस्सल मराठी, आणि दोन्ही एका चित्रात आटोपणारे. प्रेमाला पुढचं पान कुणी दिलं नाही.

याचं कारण मला एकच दिसतं. चौकटींत सांगितलेली गोष्ट म्हणजे पोरांचं वाचन, हे आपण ठरवून टाकलं. ‘चांदोबा’ पोरांचा, ‘चिंटू’ घरातला, अमर चित्र कथा संस्कारासाठी. राम वाईरकरांसारख्यांच्या रेघेत स्त्री-पुरुषांमधला ताण पेलायची ताकद नक्की होती, पण गोष्ट तीसेक पानांत उरकून तात्पर्यापर्यंत पोचायची घाई होती. मोठ्यांची चित्रकथा हा शब्दच आपल्याकडे अवघडल्यासारखा वाटतो.

आणि हे कुठे, तर विदर्भात! रुक्मिणी इथली, लोपामुद्रा इथली, इंदुमती इथली, दमयंती इथली. दमयंतीचीच गोष्ट घ्या. कली स्वयंवराला उशिरा पोचतो. तिनं नलाला वरलेलं असतं. अपमानानं पेटलेला कली बारा वर्षं संधीची वाट पाहतो आणि नलाच्या अंगात शिरतो. नायकाच्याच देहात खलनायक. पुढे कर्कोटक नलाला डसतो, त्याचं रूप जातं, पण ते विष आत बसलेल्या कलीला जाळत राहतं. मार्व्हलचा व्हेनम १९८८ मध्ये आला तेव्हा ही कल्पना नवी म्हणून नावाजली गेली. आमच्या कीर्तनकाराला ती तोंडपाठ होती. दमयंती ज्याच्यावर प्रेम करते त्याच्याच आत तिचा हेवा करणारा बसलाय, ही चौकट अजून कुणी धडपणे काढलेली नाही.

दुसरी गोष्ट तर जिल्ह्यातलीच. यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याला कळंब लागतं. चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. समोर कुंड आहे. अहल्येच्या प्रकरणात शापलेला इंद्र इथे आला आणि गणपतीच्या आराधनेनं सुटला, अशी कथा सांगतात. हाती वज्र असलेला देवांचा राजा, आणि अहल्येच्या दारात तोच खलनायक. आम्ही लहानपणी तिथे प्रसाद खाल्ला, कुंडातलं पाणी देवाच्या पायाला कधी लागतं ते विचारलं. अहल्येचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. तिच्या बाजूनं ही गोष्ट काढली तर ती प्रेमकथा ठरेल की गुन्हेगारीची, हे चित्रकारानंच ठरवावं.

लिहिणारे नाहीत असं म्हणायलाही जागा नाही. यवतमाळला दोनदा साहित्य संमेलन भरलं. १९७३ साली अध्यक्ष गदिमा, २०१९ साली अरुणा ढेरे. दोघंही पुराणातल्या माणसांच्या मनात शिरणारे. शब्दांची बाजू भक्कम आहे, पानं मिळत नाहीत ती चित्रकाराला.

तेव्हा दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती. पावसाळ्यात कथा मागवाल तेव्हा एका चित्रकारालाही पत्र टाका आणि त्याला सलग सोळा पानं द्या. मानधन ठरवताना एक पान म्हणजे एक रेखाटन असं धरू नका. एका पानात सहा-सात चौकटी असतात, आणि प्रत्येक चौकटीत दमयंती नव्यानं काढावी लागते.