वसईचा तह आणि दोन चाव्यांचें कुलूप

मराठ्यांच्या इतिहासांतील ज्या कागदाला सर्वांत अधिक शिव्याशाप मिळाले, तोच कागद सर्वांत कमी वाचला गेला, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. ता. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें वसई येथें इंग्रजांशीं केलेला तह हा तो कागद होय. त्याचें नांव शाळेंतल्या मुलासही ठाऊक असतें. त्या तहानें स्वातंत्र्य गेलें, हें वाक्यही त्याला पाठ असतें. पण तें कोणत्या कलमाच्या वाटेनें गेलें, आणि तें जात आहे हें सही करणारास त्या वेळीं दिसण्यासारखें होतें कीं नाहीं, हे प्रश्न आपल्या ऐतिहासिक वाङ्मयांत क्वचितच विचारले जातात. त्या वाङ्मयाची थोडी परीक्षा करावी, आणि अलीकडच्या एका दाखल्याच्या उजेडांत तहाकडे पुन्हां पाहावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. मित्रराष्ट्राचीं अण्वस्त्रें आपल्या भूमीवर ठेवून घ्यावयाचीं आणि त्यांवर उभयतांचा ताबा आहे असें मानावयाचें, असा जो प्रघात विसाव्या शतकांत पडला, तो हा दाखला.

ह्या काळावरील मराठी लेखनाचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. पहिला दोष देणारांचा. त्यांच्या लेखीं बाजीराव भित्रा, कपटी व ऐषआरामी होता. तो पळाला, त्यानें सही केली आणि राज्य बुडालें. येथें त्यांची कारणमीमांसा संपली. दुसरा वर्ग कैवार घेणारांचा. ना. सं. इनामदार यांनीं ह्या काळावर तीन कादंबऱ्या लिहिल्या: ‘झेप’ त्रिंबकजी डेंगळ्यांवर, ‘झुंज’ यशवंतराव होळकरांवर आणि ‘मंत्रावेगळा’ खुद्द दुसऱ्या बाजीरावावर. बदनाम झालेल्या माणसांस न्याय देण्याची जी तळमळ ह्या कादंबऱ्यांमागें आहे ती आदरणीय आहे. ती नसती तर बाजीराव म्हणजे केवळ एक शिवी होऊन बसला असता. परंतु दोष देणारा काय आणि कैवार घेणारा काय, दोघेही एकाच आरोपीच्या पिंजऱ्याभोवतीं उभे आहेत. एक म्हणतो, आरोपी वाईट होता. दुसरा म्हणतो, तो इतका वाईट नव्हता. ज्या दस्तऐवजावर त्याची सही आहे तो मात्र न्यायासनापुढें कोणी वाचून दाखवीत नाहीं. न. चिं. केळकर यांचा ‘मराठे व इंग्रज’ हा ग्रंथ १९१८ सालीं, म्हणजे पेशवाई बुडाल्यास शंभर वर्षें झालीं त्या वर्षीं, प्रसिद्ध झाला. ही चर्चा एका व्यक्तीच्या गुणदोषांपलीकडे नेण्याचें श्रेय अशा ग्रंथांस अवश्य दिलें पाहिजे. तथापि राज्यपद्धति आणि व्यक्ति यांच्या मधोमध जी तिसरी गोष्ट असते, म्हणजे कराराची घडण, तिच्याकडे सामान्य वाचकाचें लक्ष अद्याप पुरेसें वळलेलें नाहीं.

प्रसंग कसा होता तो आधीं थोडक्यांत सांगतों. ता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरच्या रणांत यशवंतराव होळकरांनीं शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पुणें सोडून कोंकणांत उतरला आणि डिसेंबरांत इंग्रजांच्या आश्रयानें समुद्रमार्गें वसईस पोंचला. आमच्या भिवंडीचें पाणी ज्या खाडीला मिळतें, तिच्याच मुखाशीं वसईचा किल्ला उभा आहे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं जो किल्ला पोर्तुगीजांपासून लढून घेतला, त्याच ठिकाणीं त्यांच्या घराण्यांतील शेवटच्या पेशव्यानें संरक्षणासाठीं दुसऱ्या एका परकीयापुढें हात पसरले. हा योगायोग लेखकांना फार आवडतो व त्यावर पुष्कळ अश्रु ढाळले गेले आहेत. अश्रूंनीं अक्षरें मात्र पुसट होतात.

आतां अक्षरांकडे वळूं. तहाची भाषा स्नेहाची आहे. एकाचे मित्र व शत्रु ते दुसऱ्याचेही मित्र व शत्रु, असें ती म्हणते. कंपनीनें निदान सहा हजार शिपायांचें पायदळ, तोफखान्यासह, पेशव्याच्या मुलुखांत कायमचें ठेवावें. त्याच्या खर्चासाठीं पेशव्यानें सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा. इंग्रजांशीं वैर असलेल्या राष्ट्रांतील युरोपियनांस त्यानें चाकरीस ठेवूं नये. निजाम व गायकवाड यांच्यावरील त्याच्या मागण्यांचा निवाडा कंपनीच्या मध्यस्थीनें व्हावा. आणि इतर सत्तांशीं युद्ध किंवा बोलणें करणें झाल्यास तें कंपनीच्या सल्ल्यावांचून करूं नये, हा कराराचा गाभा होय. ह्यांतील प्रत्येक अट सुटी वाचली तर व्यवहार्य वाटते. संकटांत सांपडलेल्या राजास फौज मिळते. फौजेला पगार लागतो. पगाराला मुलूख लागतो.

परंतु आमच्या मतें ह्या तहाचें मर्म, ज्याचा उल्लेख फारसा कोणी करीत नाहीं अशा एका कलमांत आहे. ही फौज महत्त्वाच्या कामगिरीस सदैव सिद्ध असेल, असें तें कलम सांगतें. पेशव्याच्या देहाचें रक्षण करणें, बंडखोरांस वठणीवर आणणें, हीं कामें महत्त्वाचीं. मात्र क्षुल्लक कारणांसाठीं तिला हलवावयाचें नाहीं, आणि शिबंदीप्रमाणें वसुलाच्या कामावरही बसवावयाचें नाहीं. वाचणारानें येथें क्षणभर थांबावें. महत्त्वाचें कोणतें आणि क्षुल्लक कोणतें, हें ठरवावयाचें कोणीं? फौजेचे अंमलदार इंग्रज, त्यांना हुकूम कंपनीचा, आणि दरबारांत कंपनीची जीभ म्हणजे रेसिडेंट. जेथें कलम मुग्ध राहतें तेथें ज्याच्या हातांत फौज आहे तोच बोलतो. पेशव्याला फौज मिळाली ती विनंती करण्यापुरती. हुकूम करण्याचा अधिकार त्याला मिळालाच नाहीं.

ह्या कलमाची खरी किंमत कळावी म्हणून १९५८ सालच्या एका कराराशीं त्याची तुलना करणें उपयुक्त होईल. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत ब्रिटन व अमेरिका यांच्यांत ठराव होऊन थॉर नांवाचीं साठ क्षेपणास्त्रें पूर्व इंग्लंडांत ठेवण्याचें ठरलें. क्षेपणास्त्रें ब्रिटिश हवाई दलाच्या हातीं दिलीं; त्यांच्या टोकाचे अणुबाँब मात्र अमेरिकेच्याच मालकीचे व तिच्याच पहाऱ्यांत राहिले. अस्त्र सोडावयाचें तर तें दोन्ही सरकारांच्या एकत्रित निर्णयानें, असें लिहून ठेवलें गेलें. आणि हें नुसतें लिहिण्यापुरतें नव्हतें. त्यासाठीं कुलूपच दोन चाव्यांचें केलें होतें. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या चावीनें उड्डाणाची सिद्धता होई, अमेरिकन अधिकाऱ्याच्या चावीनें बाँब सज्ज होई. एक चावी फिरली आणि दुसरी न फिरली तर अणुबाँबाचा मारा होणें शक्य नसे. ज्या इंग्रजांनीं दीडशें वर्षांपूर्वी पेशव्याला आपली फौज देऊं केली, तेच आतां यजमानाच्या जागीं बसले होते, आणि यजमानानें काय मागून घ्यावें हें त्यांना चांगलें ठाऊक होतें. वसईच्या तहांत अशी दुसरी चावी शोधून पाहावी. ती सांपडत नाहीं. फौज चालवावी असें पेशव्यास वाटलें तरी तेवढ्यानें ती चालत नव्हती, आणि ती थांबावी असें त्यास वाटलें तरी तेवढ्यानें ती थांबत नव्हती.

तथापि दुसरी चावी म्हणजे संपूर्ण ताबा, असेंही समजण्याचें कारण नाहीं. तिनें नकार देतां येतो. अस्त्र वापरतां येत नाहीं आणि राखतांही येत नाहीं. ज्युपिटर नांवाचीं अमेरिकन क्षेपणास्त्रें इटलींत तीस व तुर्कस्तानांत पंधरा ठेवलीं होतीं. ऑक्टोबर १९६२ मध्यें क्यूबाच्या प्रश्नावरून जग युद्धाच्या कांठावर आलें, तेव्हां तुर्कस्तानांतील क्षेपणास्त्रें काढून घेऊं, असें गुप्त आश्वासन केनेडी यांच्या बंधूंनीं ता. २७ रोजीं सोव्हिएट वकिलास दिलें. ज्यांच्या भूमीवर तीं उभीं होतीं त्या तुर्कांना ह्या सौद्याची वार्ताही नव्हती. दुसऱ्या बाजूसही तोच प्रकार. क्यूबांतील रशियन क्षेपणास्त्रें परत नेण्याचा निर्णय ख्रुश्चेव्ह यांनीं कॅस्ट्रो यांस न विचारतां घेतला, व कॅस्ट्रो यांस तो बातम्यांतून कळला. ज्याच्या अंगणांत तोफ, त्याच्या घरावर शत्रूचा नेम. पण सौद्याच्या बैठकींत त्याला पाटसुद्धां नाहीं.

हें ध्यानांत घेऊन वसईच्या तहानंतरचीं पंधरा वर्षें पाहावीं, म्हणजे बाजीरावाच्या स्वभावाशिवायही त्यांचा उलगडा होतो. तहानें त्याला गादी परत मिळाली, हें खरें. मे १८०३ मध्यें तो पुण्यांत पुन्हां स्थापिला गेला. पण त्याच सालीं इंग्रजांनीं त्याच्याच सरदारांशीं, शिंदे व भोसले यांच्याशीं, युद्ध मांडलें. १८१५ च्या जुलैंत गंगाधरशास्त्र्यांचा पंढरपुरीं खून झाला आणि एल्फिन्स्टननें त्रिंबकजी डेंगळे यास मागितलें. त्या मागणीमागें तैनाती फौजेचें वजन होतें. त्रिंबकजीला ठाण्याच्या किल्ल्यांत ठेवलें, तेथून तो १८१६ च्या सप्टेंबरांत निसटला. पुढच्या मे महिन्यांत इंग्रजी फौजेनें पुण्यास वेढा देतांच सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्ले पेशव्याला तारण म्हणून द्यावे लागले, आणि ता. १३ जून १८१७ रोजीं आणखी एका तहावर सही करावी लागली. ता. ५ नोव्हेंबरास खडकीची लढाई झाली. त्यानंतर पेशव्याचा पाठलाग करणारा जनरल स्मिथ हा पुण्याच्या तैनाती फौजेचाच सेनापति होता. त्याच्याशीं लढतांना ता. २० फेब्रुवारी १८१८ रोजीं अष्टीस बापू गोखले पडले. जी फौज पेशव्याच्या देहाचें रक्षण करण्यासाठीं त्याच्याच मुलुखाच्या उत्पन्नावर उभारली, तिनेंच अखेरीस त्याला रानोमाळ हिंडविलें. हें कलमाविरुद्ध घडलें असें म्हणतां येत नाहीं. कलमानें ज्याच्या हातीं निर्णय ठेवला होता त्यानें तो निर्णय केला, इतकेंच.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, ब्रिटननेंही परक्याचीं अस्त्रें घरांत घेतलीं, पण ब्रिटन बुडालें नाहीं. आक्षेप रास्त आहे. ब्रिटनजवळ १९५२ पासून स्वतःचा अणुबाँब होता, तो वाहून नेणारीं स्वतःचीं विमानें होतीं. १९५८ च्याच जुलैंत अमेरिकेशीं दुसरा करार करून त्यानें अण्वस्त्रांच्या विद्येचा वाटाही मिळविला. आणि १९६३ पर्यंत थॉर परत पाठवून देऊन तें मोकळें झालें. बाजीरावाजवळ असें स्वतःचें काय होतें? मुलूख तोडून दिलेला, सरदार दुरावलेले, आणि फौज परत पाठविण्याची वाट तहांत नाहीं. निजामाची गोष्ट हीच. त्याच्या नांवानें ठेवलेल्या कंटिंजंट फौजेचा खर्च तुंबला, आणि १८५३ सालीं त्या कर्जापायीं वऱ्हाड इंग्रजांच्या हातीं गेलें. तेव्हां असा करार पारखतांना तीन प्रश्न विचारावे: पगार कोणाच्या खजिन्यांतून व कशाच्या तारणावर? चावी कोणाच्या हातीं? आणि पाहुण्याला निरोप देण्याचा दरवाजा आहे कीं नाहीं? वसईच्या तहांत तिन्हींचें उत्तर यजमानाच्या विरुद्ध आहे.

परकीय मदत घेणेंच मुळांत पाप, असा निष्कर्ष मात्र ह्यांतून काढूं नये. शिवाजी महाराजांनीं १६५७ सालीं कल्याण-भिवंडी घेतली आणि लौकरच ह्या खाड्यांत गलबतें बांधविण्यास आरंभ केला. त्या कामावर पोर्तुगीज कारागीर होते. वसईच्या पोर्तुगीज अंमलदारांनीं त्यांचीं मनें वळविलीं आणि ते काम टाकून निघून गेले. नुकसान झालें, पण आरमार बुडालें नाहीं. कारण कारागीर परके असले तरी खाडी, लांकूड, गलबत व हुकूम हीं महाराजांचीं होतीं. भिवंडीची गोदी आणि वसईचा तह यांत अंतर आहे तें ह्या हुकुमाचें.

ही चर्चा शिळी झालेली नाहीं. अमेरिकेचे अणुबाँब युरोपांतील मित्रराष्ट्रांत आजही आहेत. २०२३ सालीं रशियानें आपलीं अण्वस्त्रें बेलारूसमध्यें ठेवण्याचें जाहीर केलें, आणि तीं वापरण्याचा अधिकार रशियाचाच राहील असेंही सांगितलें. अशा बातम्या वाचणाऱ्या मराठी माणसाजवळ स्वतःच्या इतिहासांतील एक मोजपट्टी आहे. पण ती त्याच्या हातीं यावयाची तर आपल्या ग्रंथकारांनीं बाजीरावाचें चरित्र थोडें बाजूस ठेवून त्याच्या सहीवरचा मजकूर कलमवार उलगडून दाखविला पाहिजे. भित्रा माणूस गेला म्हणजे भीति संपली, असें समजून आपण निश्चिंत राहतों. शूर माणसानेंही सही करण्यापूर्वीं जें वाचावयास हवें, तें त्या एकोणीस कलमांत आहे.