पुन्हा शस्त्रक्रिया लागली नाही, म्हणजे रुग्ण बरा झाला का?

श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, जिना चढताना धाप आणि फाइलवर निदान ‘दमा’. पंप घेऊन फरक मात्र शून्य! ‘इडिओपॅथिक सबग्लॉटिक स्टेनोसिस’च्या अनेक रुग्णांची सुरुवात अशीच होते. या आजारात स्वरयंत्राच्या लगेच खाली श्वासमार्ग अरुंद होतो. पूर्वी घशात घातलेली नळी, रक्तवाहिन्यांचा दाह, क्षयरोग अशी कारणं वगळली, की मगच ‘इडिओपॅथिक’, म्हणजे कारण न सापडलेला, म्हणायचं.

यावरच्या उपचारांची तुलना करणारा सर्वांत मोठा अभ्यास २०२० साली ‘जामा ओटोलॅरिंगॉलॉजी’त आला. ८१० रुग्ण, तीन वर्षं. इतक्या दुर्मीळ आजारात एवढे रुग्ण जमवणं खरंच सोपं नाही. पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण असं: दुर्बिणीतून मार्ग नुसता रुंदावला तर २८ टक्के, दुर्बिणीतून व्रण काढून वर औषधं दिली तर १२.४ टक्के, आणि अरुंद भागच कापून टोकं जोडली तर फक्त १.२ टक्के.

मग कापणंच उत्तम? थांबा.

पहिला मुद्दा: कोणाला कोणता उपचार, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. लेखकांनी संख्याशास्त्राने गट जुळवले, पण न मोजलेले फरक असे जुळत नाहीत.

दुसरा: मधल्या गटात व्रण काढणं आणि औषधं एकत्र आहेत. फायदा नेमका कशाचा, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही.

तिसरा, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा: ‘पुन्हा शस्त्रक्रिया’ हा निर्णय असतो, मोजमाप नव्हे. नळीची त्रिज्या निम्मी झाली की संथ प्रवाहालाही विरोध १६ पट होतो. तरी एक जण तो सोसत राहील, दुसरी लगेच डॉक्टरांकडे जाईल. शिवाय मोठ्या शस्त्रक्रियेच्या गटात श्वास सर्वांत चांगला असला तरी आवाजाची तक्रारही सर्वांत जास्त होती. शिक्षिकेसाठी किंवा गायिकेसाठी १.२ टक्क्यांचा अर्थ त्यामुळे बदलतो.

आणखी एक. यातले सुमारे ९७ टक्के रुग्ण गोरे, त्यातही जवळपास सगळ्या स्त्रिया. आपल्याकडे हे आकडे जसेच्या तसे लावायची घाई नको.

अभ्यास टाकाऊ आहे का? अजिबात नाही. डॉक्टर आणि रुग्णाने समोरासमोर बसून बोलावं, यासाठी तो पक्का आधार देतो. फक्त टक्केवारीआधी एक प्रश्न विचारा: मोजलंय नेमकं काय?