यंत्रातला ताल आणि न नोंदलेला डाव

मंडळी, ‘चेसमास्टर’ हा संगणकावरचा खेळ तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. त्यात ताल, कापाब्लांका, फिशर अशी नावं निवडता यायची. पण आत काय होतं? गणित करणारं यंत्र एकच. आक्रमण किती, बचाव किती, घोड्याची किंमत किती, हे आकडे तेवढे बदलायचे. आक्रमण वाढवलं, की झाला ताल!

आपण इथे तिकोणा पेठेत जमलोय. समोरचा गड काढायला तीन रेघा पुरतात, आणि चित्र ओळखूही येतं. पण त्या रेघांत पाण्याची टाकी नाहीत, चपेटदान मारुती नाही, दम काढणाऱ्या पायऱ्या नाहीत. ओळख पटली म्हणजे शैली सापडली, असं नव्हे.

२०२० साली आलेल्या ‘माया’ या प्रोग्रॅमने वेगळी वाट धरली. साध्या माणसांचे लाखो डाव तिला शिकवले. सर्वोत्तम चाल नाही, तर माणूस बहुधा करील ती चाल तिने सांगायची. हे काम मला जास्त प्रामाणिक वाटतं. पण हीच रीत जुन्या उस्तादाला लावली, तर अडचण येते. १९६०च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत, सहाव्या डावात, तालने बोट्विनिकसमोर घोड्याचा बळी दिला. ताल आपल्या लक्षात राहिला तो अशा विरळ चालींमुळे. आणि ‘बहुधा’च्या हिशेबात आधी पुसली जाते ती विरळ चालच.

याहून मोठा प्रश्न म्हणजे, नक्कल कोणाची? १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं ‘एसेज ऑन चेस’ छापलं गेलं. मूळ संस्कृत, पण युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेलं. त्यात आहेत त्या मुख्यतः पटावरच्या निवडक स्थिती. आपल्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, आणि प्यादेमात मानाची असायची. त्या मानासाठी हातातली सोपी मात सोडणारा खेळाडू आजच्या यंत्राला चुकलेला दिसेल. देशी नियमांत वाढलेले मीर सुलतान खान १९२९मध्ये इंग्लंडला गेले, त्याच वर्षी ब्रिटिश विजेते झाले, पुढे हेस्टिंग्जला त्यांनी कापाब्लांकालाही हरवलं. त्यांचे डाव लिहिले गेले, म्हणून त्यांची नक्कल निदान करून बघता येते. ज्यांचे डाव वाड्याच्या ओसरीवरच संपले, त्यांचं काय?

म्हणून अशा प्रोग्रॅमवर नाव छापण्याआधी त्याने तीन गोष्टी सांगाव्यात: डाव किती वापरले, कोणत्या नियमांचे, आणि खेळणाऱ्याला जिंकणं म्हणजे काय वाटत होतं. तिसरीचं उत्तर नसेल, तर चाली जुळतील, खेळाडू नाही.