‘निषेध’ : एका शब्दाचे दोन संसार

ग्वाल्हेरच्या मराठी घरातील मूल ‘प्रवेश निषेध’ ही पाटी प्रथम वाचताना अडखळते. प्रवेशाने असा कोणता अपराध केला की त्याचा निषेध व्हावा? मराठीत निषेध म्हणजे नापसंतीचा जाहीर उच्चार, हिंदीत मनाई. यांपैकी मुळाशी इमान राखले आहे ते हिंदीने, हे मान्य करावयास हवे. संस्कृतात ‘नि’पूर्वक ‘सिध्’ म्हणजे निवारणे. मीमांसकांच्या विधीच्या उलट तो निषेध. ‘त्याला कसलाच विधिनिषेध नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा हा जुना अर्थच बोलत असतो.

मग आपला अर्थ आला कोठून? आमच्या मते, ‘प्रोटेस्ट’ या इंग्रजी शब्दासाठी तो योजला गेल्याने. गंमत अशी की, त्या शब्दाच्याही मुळाशी नापसंती नाही. लॅटिन ‘टेस्टिस’ म्हणजे साक्षीदार. चारचौघांत साक्ष देणे एवढाच मूळ भाव. 1529 साली स्पायर येथे जर्मन राजांनी व नगरांनी केलेल्या जाहीर निवेदनावरून ‘प्रोटेस्टंट’ हे नाव पडले. न वटलेल्या हुंडीबाबत नोटरीने द्यावयाच्या दाखल्यालाही 1881 चा कायदा ‘प्रोटेस्ट’च म्हणतो. आपण निषेध ‘नोंदवतो’. त्या क्रियापदात ही साक्ष, नकळत का होईना, उतरली आहे. नुसत्या ‘निषेध करणे’पेक्षा तो प्रयोग आम्हांस अधिक सकस वाटतो.

1961 चे साहित्यसंमेलन भरलेल्या या नगरीत मराठी हिंदीच्या शेजारानेच जगते. येथील विद्यार्थ्याने ‘येथे धूम्रपानाचा निषेध आहे’ असे लिहिले, तर तांबडी रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकाने त्याला ‘विधिनिषेध’ दाखवावा. चूक रूढीची आहे, व्युत्पत्तीची नव्हे. हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड ठरलेल्या ‘शिक्षा’ शब्दाची कथा याहून लांब आहे. ती पुन्हा केव्हातरी.