संगणकशास्त्राचे पहिले पुस्तक कसे असावे?

बारावीचा निकाल लागला की संगणकशास्त्राच्या पदवीला जाऊ पाहणारी मुले शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, आधी कोणती भाषा शिकू?" सी, जावा, पायथॉन अशी नावे पुढे येतात, शिक्षक त्यातले एक सुचवतात आणि विषय संपतो. जणू भाषा आली की शास्त्र आले! व्याकरण पाठ केल्याने कोणी निबंधकार होत नाही, हे भाषेच्या शिक्षकांना सांगावे लागत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण ते सहज विसरतो.

या प्रश्नाला वेगळे उत्तर देणारे एक पाठ्यपुस्तक १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. 'स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅम्स' हे त्याचे नाव. हॅरॉल्ड एबल्सन आणि जेराल्ड ससमन या दोघा प्राध्यापकांनी ज्यूली ससमन यांच्या साहाय्याने ते लिहिले. एमआयटी या संस्थेतील प्रवेशिका अभ्यासक्रमाचे, म्हणजे तिथल्या क्रमांकानुसार '६.००१'चे, ते पुस्तक. दुसरी आवृत्ती १९९६ साली निघाली. मुखपृष्ठावर जादूगाराचे चित्र असल्याने विद्यार्थी त्याला 'जादूगाराचे पुस्तक' म्हणू लागले. संगणकशास्त्राचे शिक्षण कसे असावे या चर्चेत त्याचे नाव आजही निघते. म्हणून त्याचे गुणदोष आपल्या शिक्षकांपुढे मांडावेत असे आम्हांला वाटते.

काय आहे आणि कसे काढायचे

पुस्तकात 'स्कीम' ही भाषा वापरली आहे. ससमन आणि गाय स्टील यांनी १९७५ मध्ये तयार केलेली ही भाषा इतकी लहान आहे की तिचे नियम एका तासिकेत सांगून होतात. बेरजेचे चिन्ह संख्यांच्या आधी येते आणि प्रत्येक क्रियेभोवती कंस असतो. हे प्रथम विचित्र दिसते, पण त्यामुळे 'कंचेभागुबेव' लक्षात ठेवण्याची गरजच उरत नाही. आधी काय करायचे ते कंसच सांगतात. भाषेवर वेळ न घालवता लेखक पहिल्याच प्रकरणात मुद्द्याला हात घालतात.

मुद्दा वर्गमूळाचा आहे. २ चे वर्गमूळ म्हणजे जिचा वर्ग २ येतो अशी धन संख्या. ही व्याख्या निर्दोष आहे, पण तिच्यावरून ती संख्या हाती लागत नाही. गणित बहुतेक वेळा 'काय आहे' ते सांगते. संगणकाला 'कसे काढायचे' ते सांगावे लागते. लेखक जुनी रीत घेतात. एक अंदाज धरा, दिलेल्या संख्येला त्या अंदाजाने भागा आणि अंदाज व भागाकार यांची सरासरी काढा. ती सरासरी हा नवा अंदाज. २ साठी पहिला अंदाज १ धरला, तर भागाकार २ आणि सरासरी १.५. आता २ भागिले १.५ म्हणजे १.३३३३, सरासरी १.४१६७. पुढच्या पायरीला १.४१४२. तीन पायऱ्यांत चार दशांश स्थळे बरोबर! नववीच्या वर्गात फळ्यावर हे दहा मिनिटांत करून दाखवता येते, संगणक लागत नाही.

खरी गंमत पुढे आहे. थांबायचे कधी? अंदाजाचा वर्ग आणि मूळ संख्या यांत ०.००१ पेक्षा कमी फरक उरला की थांबा, असे लेखक ठरवतात. आणि लगेच स्वाध्यायात विचारतात, ही कसोटी लहान संख्यांना का चालत नाही? ०.०००१ चे वर्गमूळ ०.०१ आहे. १ पासून सुरुवात केली तर ही रीत सुमारे ०.०३२३ वर थांबते. त्याचा वर्ग सुमारे ०.००१०४, म्हणजे मूळ संख्येपासून फरक ०.००१ पेक्षा कमी. कसोटी समाधानी आहे आणि उत्तर तिपटीहून अधिक चुकले आहे! प्रोग्रॅम चालला, उत्तर आले, म्हणून ते बरोबर ठरत नाही, हा संगणकशास्त्राचा पहिला धडा विद्यार्थी इथे स्वतः शोधून शिकतो. दोन लागोपाठच्या अंदाजांतला फरक अंदाजाच्या मानाने नगण्य झाला की थांबावे, ही सुधारणा त्याला सुचते.

समस्येचे लहान तुकडे करण्याची शिकवणही अशीच सहज येते. एका डॉलरची मोड ५०, २५, १०, ५ आणि १ सेंटच्या नाण्यांत किती प्रकारे देता येईल? उत्तर २९२. रीत अशी : एकतर सर्वांत मोठे नाणे मुळीच वापरायचे नाही, किंवा निदान एकदा तरी वापरायचे. दोन्हींचे प्रकार मोजून बेरीज करायची. आणि मोजताना पुन्हा हाच नियम लावायचा. आपल्याकडे १० रुपयांची मोड ५, २ आणि १ रुपयाच्या नाण्यांत किती प्रकारे होते ते मुलांना याच नियमाने काढायला सांगावे. उत्तर १० येते.

'क्ष = क्ष + १' चा पेच

या पुस्तकाचे मोठेपण आम्हांला सर्वांत जास्त त्याच्या क्रमात दिसते. प्रचलित पुस्तकांत पहिल्याच आठवड्यात 'क्ष = क्ष + १' असे विधान येते. सातवी-आठवीपासून समीकरणे सोडवलेल्या मुलाला हे खोटे वाटते आणि त्याचे वाटणे रास्त आहे. ही समीकरणाची खूण नव्हे, 'क्षच्या घरात नवी किंमत ठेव' अशी आज्ञा आहे, एवढे सांगून शिक्षक पुढे जातात.

या पुस्तकात अशी आज्ञा तिसऱ्या प्रकरणापर्यंत येतच नाही. आधीची दोन प्रकरणे त्याच पदाची किंमत नेहमी तीच, या गणिताच्या नियमावर चालतात. मग बँकेचे खाते येते. शिल्लक १०० असताना '२५ काढा' म्हटले तर उत्तर ७५. पुन्हा '२५ काढा' म्हटले तर ५०. प्रश्न तोच, उत्तर वेगळे! म्हणजे प्रोग्रॅममध्ये आता काळ शिरला. त्याची किंमतही लेखक मोजून दाखवतात. समजा, संयुक्त खात्यात १०० रुपये आहेत. एकाने २० आणि दुसऱ्याने त्याच क्षणी ३० काढले. दोघांच्याही यंत्रांनी शिल्लक १०० वाचली. एकाने ८० लिहिले, दुसऱ्याने त्यावर ७०. शिल्लक ५० हवी होती, खात्यात ७० आहेत. बँकेचे २० रुपये गेले कुठे? हा घोटाळा कोठून येतो हे त्या क्रमामुळेच कळते.

शेवटची दोन प्रकरणे आणखी खोल जातात. चौथ्यात भाषेचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम त्याच भाषेत लिहून दाखवला आहे. पाचव्यात तो अगदी साध्या यंत्रापर्यंत, रजिस्टरांपर्यंत, उतरवला आहे. महाराष्ट्रात बारावीच्या संगणकशास्त्रात अनेक वर्षे एका पत्रिकेत सी++ भाषा आणि दुसरीत ८०८५ हा सूक्ष्मप्रक्रियक होता. भाषेतले वाक्य त्या चिपपर्यंत कसे पोहोचते, हे दोन पत्रिकांमधल्या भिंतीमुळे मुलांना कळत नसे. ही भिंत पाडण्याचे काम हे पुस्तक करते.

उणिवा

इतके सांगितल्यावर दोषांकडे डोळेझाक करणे बरे नव्हे. पहिला दोष उदाहरणांचा. अवकलन, संकलन, विद्युत मंडले यांतून बरीच उदाहरणे घेतली आहेत. एमआयटीच्या विद्यार्थ्याला ती जवळची असतील. पण कलनशास्त्र कच्चे असलेल्या मुलाला आपण प्रोग्रॅममध्ये अडलो की गणितात, हेच कळेनासे होते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पुस्तक सुंदर रचना दाखवते, पण त्या सुचाव्यात कशा हे सांगत नाही. मथायस फेलायझेन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. त्यांच्या २००१ च्या 'हाउ टु डिझाइन प्रोग्रॅम्स' या पुस्तकात पायऱ्या ठरलेल्या आहेत : माहितीचे स्वरूप लिहा, प्रोग्रॅमने काय करायचे ते एका वाक्यात लिहा, उदाहरणे आणि त्यांची अपेक्षित उत्तरे आधीच मांडा, मग आज्ञा लिहा आणि शेवटी तपासा. आपल्या भूमितीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असा क्रम असतो, तसेच हे. हुशार विद्यार्थी पायऱ्यांशिवायही वर चढतो. वर्गातल्या उरलेल्यांना पायऱ्या लागतात. शिक्षकाला दोघांनाही शिकवायचे असते.

तिसरा दोष स्वाध्यायांचा. दोन ओळींत सुटणाऱ्या प्रश्नाशेजारी आठवडा खाणारा प्रश्न असतो. स्कीमची प्राथमिक प्रणाली सी भाषेत तयार करा, हाही एक 'स्वाध्याय' आहे! एकट्याने अभ्यास करणारा विद्यार्थी इथे खचतो.

एमआयटीने पाठ फिरवली, मग?

२००८ च्या सुमारास एमआयटीनेच हा अभ्यासक्रम बंद केला. त्याजागी पायथॉन भाषा आणि यंत्रमानव आले. ससमन यांनी दिलेले कारण विचार करण्याजोगे आहे. पूर्वी अभियंता पूर्ण समजलेले लहान भाग जोडून मोठी रचना करत असे. आज त्याला इतरांनी लिहिलेल्या प्रचंड आज्ञासंग्रहांवर काम करावे लागते. ते आतून कळत नाहीत, चाचपून पाहावे लागतात.

हे वर्णन खरे आहे, पण त्यावरून पाया वगळावा असे आम्हांला वाटत नाही. चाचपून पाहणाऱ्यालाही कसोटी कुठे फसते हे ओळखता यायला हवे, ०.०३२३ हे उत्तर पाहून त्याला शंका यायला हवी. आज तर मागितल्याबरोबर यंत्रच प्रोग्रॅम लिहून देते. अशा वेळी लिहिण्यापेक्षा वाचून पारखण्याचे काम वाढले आहे. प्रोग्रॅम मुख्यतः माणसांनी वाचावा म्हणून लिहायचा, ही या पुस्तकाची प्रस्तावनेतच मांडलेली भूमिका १९८५ पेक्षा आज अधिक गरजेची झाली आहे. २०२२ मध्ये त्याची जावास्क्रिप्ट भाषेतील आवृत्तीही निघाली.

आपल्याकडे प्रश्न पुस्तक निवडण्यापुरता नाही. प्रात्यक्षिकाची जर्नल एकमेकांची पाहून उतरवली जाते आणि प्रोग्रॅम पाठ करून परीक्षेत लिहिले जातात. मूळ पुस्तक प्रकाशकांनी महाजालावर विनामूल्य ठेवले आहे, तेव्हा पैशांची अडचण नाही. इंग्रजीची आणि गणिताची आहे, आणि तिथेच शिक्षक हवा. सगळे पुस्तक शिकवू नये. पहिल्या प्रकरणातले वर्गमूळ आणि नाण्यांची मोड, तिसऱ्यातले बँकेचे खाते एवढे मराठीतून फळ्यावर मांडावे, आणि 'उत्तर काय?' याच्या जोडीला 'हे कधी चुकेल?' असे विचारावे. कोणती भाषा शिकू, असे विचारत आलेल्या मुलाला तेवढ्यानेही कळेल की आपण ज्या शास्त्राची पदवी घ्यायला निघालो आहोत ते भाषेहून मोठे आहे.