जे ओलांडतच नाहीत, त्यांची मोजणी?

चौकांदरम्यान पादचाऱ्यांसाठी नियंत्रित ओलांडपट्टा कुठे हवा? इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेतील एक प्रमुख कसोटी अशी : गर्दीच्या तासातले पादचारी गुणिले वाहनसंख्येचा वर्ग. दुभाजक नसेल तर गुणाकार १० कोटींवर हवा. वाढत्या वर्दळीला जास्त वजन मिळते, हा सूत्राचा गुण.

पण सोलापूर–धुळे महामार्गावरील पाचोडसारख्या गावाला ते लावून पाहू. समजा, तासाला ५०० वाहने व ३०० मुले. गुणाकार साडेसात कोटी. म्हणजे कसोटीनुसार गरज नाही! भीतीने जे ओलांडतच नाहीत, ते तर मोजणीत येतच नाहीत.

गुणाकारात वेगही नाही. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला १४ मीटर रस्ता ओलांडायला सुमारे १२ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी जवळजवळ २०० मीटर येते. मध्ये सुरक्षित थांबा दिल्यास एका टप्प्यासाठी हे अंतर निम्मे होते.

शाळेच्या मैदानात १४ मीटर आखून पहिलीतल्या मुलांचा व आजी-आजोबांचा वेळ विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावा. सूत्रात कोण बसत नाही, हे त्यांना आपोआप दिसेल.