पत्र्याच्या शेडचे रसग्रहण

मराठी समीक्षेने कवितेला सोडलं नाही, नाटकाला सोडलं नाही, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठालाही सोडलं नाही. पण परसदारी माणूस स्वतःच्या हाताने जी शेड उभी करतो, तिच्याकडे मात्र एकाही समीक्षकाची नजर वळलेली नाही. वास्तविक दर मे महिन्यात या प्रांतात जेवढी नवनिर्मिती होते, तेवढी कवितेतही होत नसेल. सायकल, नारळ, चुलीची लाकडं, निखळलेला दरवाजा आणि ‘लागेल कधीतरी’ या सदरात मोडणारं सर्व सामान चार महिने कोरडं राहावं, एवढाच या कलाकृतीचा आशय. बाकी सगळी अभिव्यक्ती.

मी स्वतः या प्रकाराचा निव्वळ रसिक आहे. कुणाच्या परसात नवा पत्रा चमकला की मी चहा नको म्हणतो आणि आधी शेड दाखवा म्हणतो. यजमान खूष होतात. मग मी खाली वाकून वर पाहू लागलो की त्यांचा आनंद हळूहळू ओसरतो. समीक्षकाचं नशीबच असं.

या कलाकृतींत सर्वांत ठळक दिसतो तो उताराचा दोष. नवशिक्या बांधकऱ्याला सपाटीचं फार वेड. एकदा हातात पाणसळ आली की तो छप्परही कॅरमबोर्डासारखं करून सोडतो. पन्हळी पत्र्याला पाच फुटांमागे निदान एक फूट उतार हवा. कौलांना तर त्याहूनही बराच जास्त. आणि उतार दिला की भागलं असंही नाही, तो कुणीकडे दिला हे महत्त्वाचं. आपल्या पागोळ्या शेजारच्यांच्या अंगणात सोडणारे कलावंत मी पाहिले आहेत. अशा छपराखाली सामान कोरडं राहतं, संबंध मात्र भिजतात.

त्यानंतर येतो भोकांचा प्रश्न. पन्हळी पत्र्याचं पेटंट हेन्री पामर या इंजिनिअराने १८२९ साली लंडनमध्ये घेतलं. पातळ लोखंडाला लाटांच्या घड्या पाडल्या की ते ताठ उभं राहतं, ही त्यातली खुबी. पुढे १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल याने जस्ताचा मुलामा देण्याचं पेटंट घेतलं आणि पत्रा गंजापासूनही बराचसा वाचला. आता पाणी वाहतं ते लाटेच्या खोलगट भागातून, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. तरीही आपले कलावंत नेमका तिथेच खिळा ठोकतात, कारण खोलगट जागी हातोडी नीट बसते! म्हणजे पाण्याला रस्ताही आपणच द्यायचा आणि रस्त्यात दरवाजाही आपणच उघडून ठेवायचा. भोक उंचवट्यावर पाडावं, खाली डांबरी वॉशर घालावा आणि जे बोल्ट रिपेला अडकवून आवळावा. तोही पत्रा चेपेल इतका नव्हे. यात प्रतिभा लागत नाही, लागतो तो फक्त धीर.

पत्रे एकमेकांवर चढवण्यातही एक व्याकरण आहे. बाजूने दीड लाट तरी झाकली पाहिजे. वरच्या ओळीचा पत्रा खालच्या ओळीवर सहा इंच यायला हवा. आपल्याकडचा पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पत्रे घालायला पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करावी. म्हणजे सांध्याची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून बसते. उलट घातलेत, तर वारा प्रत्येक सांध्यात बोट घालून पाहतो. बोट घालण्याचा हक्क खरं तर समीक्षकाचा!

आता जरा गंभीर बोलतो. ‘एवढ्याशा शेडला काय होतंय’ हे वाक्य मी जिथे जिथे ऐकलं, तिथे तिथे छपरावर चार दगड ठेवलेले होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. साधा हिशेब करा. दहा फुटी पत्र्याचं वजन बारा-तेरा किलो. एवढ्या वाऱ्यात त्याला वर उचलणारा जोर दीडशे किलोच्या पुढे जातो. चार दगड त्यात कुठे पुरणार? तेही पत्र्यामागोमाग निघतात. शेडचा धोका ती कोसळण्यात कमी, उडण्यात जास्त. आणि उडालेला पत्रा शेजारचं पोर कोणत्या वयाचं आहे हे विचारून खाली येत नाही. म्हणून पत्रा रिपेला, रीप खांबाला आणि खांब जमिनीतल्या काँक्रीटला, असं पक्कं नातं हवं. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. शेडचे वासे तरी फिरू नयेत याची सोय बोल्टाने होते.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांबद्दलही एक शब्द. फुकट मिळाले म्हणून ते आणून घरी करवतीने कापणारे महाभाग आहेत. त्यांतल्या अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली की कर्करोगापर्यंत नेते; इंग्लंडने त्यावर १९९९ साली पूर्ण बंदी घातली. शिवाय तो पत्रा ठिसूळ, माणसाचं वजन पेलेलच असं नाही. दुरुस्तीला वर चढून सरळ खाली येण्याचा हा सर्वांत जवळचा मार्ग.

इतकं दोषदर्शन केलं, तरी स्वतः शेड बांधणाऱ्याबद्दल मला आदरच आहे. ठेकेदाराने बांधलेली शेड गळली की मालक फोन शोधतो. स्वतः बांधलेली गळली की शिडी शोधतो. आपल्या कृतीतला प्रत्येक बोल्ट कुठे आहे हे ठाऊक असणारे लेखक आपल्या साहित्यात कितीसे निघतील?

अखेर माझ्या मताला तसा काही अर्थ नाही. खरा समीक्षक मृगावर येतो, ओळख-पाळख पाहत नाही, प्रस्तावना वाचत नाही, आणि त्याचा अभिप्राय रात्री दोन वाजता थेट नारळांवर टपकतो. ऑगस्टच्या झडीत जिची घरात कुणाला आठवणसुद्धा होत नाही, ती शेड अभिजात समजावी.